साडेतीनची जाग

विट्यात माझं औषधांचं दुकान आहे, २००४ पासून. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरची औषधं. त्यांची नावं मी रोज वाचतो, ती रोज देतो. चिठ्ठीला चार घड्या घालून कोण आणतं, दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर गाडीजवळ कोण थांबतं, 'मुंबईच्या भाचीसाठी हवंय' असं कोण सांगतं, हे सगळं मला पाठ होतं. तरी तोच आजार मला झाला तेव्हा पाच महिने मला तो ओळखता आला नाही.

डिप्रेशन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रडणारा माणूस यायचा. कोपऱ्यात बसलेला, कुणाशी न बोलणारा. मी तर रडत नव्हतो. सकाळी नऊला शटर वर करत होतो, रात्री साडेनऊला खाली ओढत होतो. दुःख म्हणावं असं काही घडलंही नव्हतं. पोरगी बारावीला चांगले मार्क घेऊन पुण्याला गेली होती. दुकानाचं कर्ज फिटलं होतं. 'मला काय धाड भरलीय' असं मीच स्वतःला म्हणायचो, आणि या प्रश्नाला उत्तर नाही म्हणजे आजारही नाही, असं धरून चालायचो.

सुरुवात झाली झोपेपासून. २०२२ चे गणपती उठले आणि त्यानंतर कधीतरी पहाटे साडेतीनला जाग यायला लागली. रोज साडेतीन. दहा मिनिटं इकडं नाही की तिकडं नाही. जाग आली की छातीवर कुणी पाटा ठेवलाय असं वाटायचं. पडून राहायचो. स्टँडवरून पहिली एसटी निघाल्याचा आवाज यायचा, मग नळाला पाणी यायचं, मग ही उठायची. तोवर माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुका एकदा मोजून झालेल्या असायच्या. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी उधारीवरून मी तोडून बोललो होतो, तेसुद्धा आठवायचं आणि घाम फुटायचा.

दिवस चढेल तसं थोडं हलकं व्हायचं. संध्याकाळी सातनंतर तर मी जवळजवळ बरा असायचो. दुकानात गर्दी संध्याकाळची, त्यामुळं लोकांना दिसायचा तो संध्याकाळचा मी. पहाटेचा कुणालाच दिसायचा नाही. पहाट वाईट आणि संध्याकाळ बरी हा या आजाराचा एक ठरलेला चेहरा आहे, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला वाटायचं, संध्याकाळी बरा असतो म्हणजे सकाळी आळस करतोय.

नोव्हेंबरातली एक गोष्ट डोळ्यांपुढून जात नाही. नेहमीचे एक म्हातारे मामा बीपीच्या गोळ्या न्यायला आले. पंधराची पट्टी, पाच-पाचच्या तीन ओळी. मामांना आठ हव्या होत्या. म्हणजे एक अख्खी ओळ आणि दुसरीतल्या तीन. दिवसात पन्नास वेळा करतो मी हे. त्या दिवशी कात्री हातात घेतली आणि पट्टीकडे बघत उभा राहिलो. कुठून कापायचं ते कळेना. गोळ्या दिसत होत्या, मोजता येत होत्या, पण 'आठ' आणि 'कात्री' यांचा संबंधच लागत नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दादाचा मुलगा माझ्याकडं दुकानात असतो, डी.फार्म. झालेला आहे. त्यानं हळूच माझ्या हातातून कात्री घेतली आणि म्हणाला, "काका, तुम्ही चहा घेऊन या." मी बाहेर आलो आणि चहाच्या टपरीवर न जाता दुकानामागच्या बोळात उभा राहिलो.

त्याच काळात मुदत संपायला आलेल्या मालाचे खोके साठत गेले. मुदतबाह्य औषधं ठरलेल्या वेळेत होलसेलवाल्याकडं परत पाठवावी लागतात, नाहीतर पैसे बुडतात. दर तिमाहीला मी एका रविवारी बसून ते काम संपवायचो. आता ते खोके नुसते दिसले तरी पाय जड व्हायचे. उद्या करू, परवा करू. चाळीस हजारांच्या आसपास माल तसाच गेला.

या आजारानं माझ्याकडं पाठवली ती ही असली सोंगं: मोजता न येणं, हात न उचलणं, भाकरी तोंडात नुसती फिरणं. पाठ दुखायची, तिचा एक्स-रे काढला. साडेसहा किलो वजन कमी झालं, म्हणून गावातल्या एका डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड ठीक. बी-१२ थोडं कमी, त्याची इंजेक्शनं घेतली. या तपासण्या करायलाच हव्यात, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच मरगळतो. पण सगळं नॉर्मल आल्यावर "टेन्शन घेऊ नका, फिरायला जा" एवढंच सांगून मला घरी पाठवलं. झोप कशी आहे, मन कशात लागतं का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तीन महिने वाचले असते. ते मनात अजून सलतं.

दादा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तमिळनाडूत असतो. फोनवर म्हणाला, "तुला काय कमी आहे? रेणावीला जाऊन ये." गेलो. रेवणसिद्धाच्या देवळात लहानपणापासून जातोय, तिथं पाय ठेवला की आत काहीतरी निवतं. या वेळी काहीच हललं नाही. घंटा वाजवली, नारळ फोडला, परत आलो. देवापुढंसुद्धा मन कोरडं राहिलं याची लाज वाटली, आणि ती पहाटेच्या हिशेबात जाऊन बसली.

डिसेंबरात मी एक चूक केली. लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो. झोपेसाठी माझ्याच कपाटातली अल्प्राझोलॅम घ्यायला लागलो, चिठ्ठीशिवाय. ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येते. कुणाला दिली, कुठल्या डॉक्टरांनी लिहिली, किती दिली, हे वेगळ्या रजिस्टरला लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. अठरा वर्षं ज्या गोष्टीला मी गिऱ्हाइकांना नाही म्हणालो, ती स्वतःसाठी केली. झोप लागायची, पण पहाटे जाग यायचीच, आणि दिवसा डोकं आणखी जड. तीन आठवडे घेतल्यावर एका रात्री नुसती एक पुरेना, आणि दुसरीकडं हात गेला तेव्हा मी घाबरलो.

वर लिहिलेल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक चिठ्ठी एका निवृत्त बाईंची होती. त्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. जानेवारीत त्या आल्या, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पैसे दिले, पिशवी घेतली, आणि जायच्या ऐवजी काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या.

"पहाटे किती वाजता जाग येते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "साडेतीन."

"रोज?"

"रोज."

"मला चार वाजता यायची. दोन वर्षं मी ते वयामुळं आहे असं समजत होते." मग त्यांनी पिशवीतली पट्टी थोडी वर काढून मला दाखवली, जणू मी ती पहिल्यांदाच बघतोय. "हिच्याकडं मी उशिरा आले. तुम्ही उशीर करू नका, दादा."

त्या गेल्यावर मी कपाटाकडं बघितलं. अठरा वर्षं त्या फळीवरून पट्ट्या काढतोय, आणि ते औषध माझ्यासाठी असू शकतं हा विचार तोपर्यंत एकदाही मनात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता, सगळे झोपलेले असताना, मी गच्चीवर जाऊन १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. पलीकडं एक मुलगी होती. मला पहिली दोन मिनिटं बोलताच येईना. ती म्हणाली, "घाई नाही, मी आहे फोनवर." मग मी झोपेचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं. गोळीचं सांगितलं नाही, धीर झाला नाही. तिनं बऱ्याच गोष्टी विचारल्या, आणि शेवटी दोन कामं दिली: मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं, आणि त्याआधी घरातल्या एका माणसाला सांगायचं. "एकालाच. आजच." असं तिनं दोनदा म्हटलं.

पहिलं काम सोपं वाटलं, दुसऱ्यानं दिवसभर घशात आवंढा आणला. रात्री जेवणं झाल्यावर ही भांडी घासत होती. मी मोरीच्या दारात उभा राहून म्हटलं, "मला बरं वाटत नाहीये. मनाचं. डॉक्टरला दाखवायला पाहिजे." नळ बंद झाला. हात तसेच राखेचे, घासणी हातात. म्हणाली, "अहो, मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर चिडलाय. काय चुकलं माझं, तेच शोधत होते मी इतके महिने."

पाच महिने एकाच घरात दोघंही स्वतःचीच चूक शोधत होतो.

विट्यात दाखवायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं. सांगलीला गेलो, तासगावमार्गे एसटीनं. खिडकीतून द्राक्षबागा दिसत होत्या, काढणीचे दिवस. भीती लाजेची होती तशीच धंद्याचीही. उद्या कळलं की औषधवालाच असल्या गोळ्या घेतो, तर लोक माझ्या हातून औषध घेतील का? डॉक्टरांना मी पहिला प्रश्न हाच विचारला. त्यांनी सांगितलं, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, तुमची फाइल माझ्याजवळच राहील. खासगी फी परवडत नसेल त्यांनी अडून राहायचं कारण नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. तिथल्या रांगेत शेतकरी असतात, मास्तर असतात, पोलीसही असतात.

आत जाण्याआधी एक कागद भरायला दिला होता. नऊ प्रश्न, सगळे 'गेल्या दोन आठवड्यांत' असे सुरू होणारे. उत्तरं चारच: मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. कामात रस न वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं. आठवा प्रश्न हालचाल किंवा बोलणं इतकं मंदावलंय का की दुसऱ्यांच्या लक्षात यावं, असा होता. तिथं मला बोळात उभा असलेला मी दिसलो. माझी बेरीज सत्तावीसपैकी एकोणीस आली. दुसऱ्याचा ब्लडप्रेशरचा आकडा वाचून मी लगेच सांगतो, 'हे जास्त आहे, डॉक्टरकडं जा.' त्या कागदावर माझ्या मनाचा आकडा पहिल्यांदा दिसला आणि खोटं वाटेल, पण हायसं वाटलं. आळस नव्हता तर.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथं मी 'काही दिवस' वर खूण केली होती. डॉक्टरांनी तो प्रश्न आडवळणानं विचारला नाही. "मरावंसं वाटतं का? काही ठरवलंय का?" मी म्हटलं, "ठरवलं नाही. पण सकाळी उठलोच नाही तर बरं होईल, असं वाटतं." हे मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर काही कोसळलं नाही. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नवा विचार घातला जातो अशी भीती लोकांना असते. मला तरी ओझं दुसऱ्याच्या हाती दिल्यासारखं झालं. अल्प्राझोलॅमचंही तिथंच सांगितलं. ते रागावले नाहीत. ही गोळी आजार झाकते, बरा करत नाही, आणि सवय लागते, म्हणून ती हळूहळू कमी करायची, हे त्यांनी समजावलं.

मग माझ्या परवानगीनं त्यांनी हिला आत बोलावलं आणि एक गोष्ट ठरवली. दीड महिना मी दुकानात एकटा बसायचं नाही. चावी पुतण्याकडं. ही गोष्ट मला लागली. दुकानाची चावी अठरा वर्षं माझ्याच कमरेला होती. पण ज्या माणसाच्या मनात असे विचार आहेत आणि जो दिवसभर औषधांमध्ये बसतो, त्याच्यासाठी हे किती गरजेचं होतं ते आज कळतं. पुतण्याला आम्ही खरं सांगितलं. तो फक्त म्हणाला, "काका, सकाळी मी उघडतो. तुम्ही अकराला या." आजही सकाळी तोच उघडतो.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं, ज्याचं महत्त्व मला औषधवाला असून ठाऊक नव्हतं. कधी याच्या उलट, म्हणजे झोप न घेता दमायचंच नाही, पैसे उधळायचे, असे दिवस आले होते का? तसं असेल तर आजार वेगळा आणि औषधही वेगळं. दुसऱ्याची चिठ्ठी बघून हे औषध सुरू करू नये, त्याचं हे एक मोठं कारण.

एस्सिटॅलोप्रॅम पाच मिलिग्रॅमनं सुरू झाली, आठवड्यानं दहा. पहिले दहा दिवस मळमळ, जांभया आणि आधीपेक्षा जास्त तगमग. 'याचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात' हे वाक्य मी शेकडो लोकांना सांगितलंय. ते तीन आठवडे आतून केवढे लांब असतात, ते मात्र तेव्हा कळलं. आधी झोप सुधारली. साडेतीनचे पावणेपाच झाले, मग साडेपाच.

मार्चातल्या एका सकाळी मी चहाचा घोट घेऊन म्हटलं, "आलं जास्त पडलंय." ही माझ्याकडं बघतच राहिली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, पाच-सहा महिन्यांत मी कुठल्याही चवीबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. पुढं ठेवलेलं गिळत होतो.

गोळ्यांसोबत सांगलीतच समुपदेशनाला जायला लागलो, एकूण अकरा वेळा. तिथं उपदेश असेल असं वाटलं होतं. तिथं वही दिली. दिवसाचा एकेक तास, त्यात काय केलं आणि करून कसं वाटलं, याला दहापैकी गुण. पहिल्या आठवड्यात सगळीकडं एक आणि दोन. मग एक काम ठरवलं: मुदतबाह्य मालाचा एक खोका. सगळे नाहीत, एक. मन लागलं की काम करू, अशी वाट बघत मी बसलो होतो. या आजारात आधी हात हलवावा लागतो, मन मागून येतं. तो खोका उपसायला मला दोन तास लागले, आणि वहीत त्या तासापुढं 'पाच' लिहिलं. 'मी थकताच कामा नये' हा हट्टही तिथंच सापडला. बापाचं अचानक गेलेलं आयुष्य, लहान वयात अंगावर आलेलं घर, सगळं त्या एका वाक्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्यावर बोलणं अजून पुरतं संपलेलं नाही.

श्रावणात मी बरा होतो, म्हणून गोळी बंद केली. मनानंच. दोन दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होई. ते आठवड्यानं थांबलं आणि वाटलं, सुटलो. गौरी-गणपती झाले आणि एका पहाटे डोळे उघडले. घड्याळ बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. साडेतीन. या वेळी मात्र पाच महिने घालवले नाहीत. चौथ्या दिवशी सांगलीला होतो. डॉक्टरांनी कॅलेंडर पुढं ओढून दाखवलं: पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा ते नऊ महिने औषध चालू राहतं, आणि बंद करताना पायरीपायरीनं उतरतात. एप्रिलपासून मोजलं तर मी साडेचार महिन्यांतच सोडलं होतं. याची सवय लागते का, असं दादानं फोनवर विचारलं. मी सांगितलं, सवयीच्या गोळ्या एच-वनच्या रजिस्टरला लिहितो मी. ही त्या रजिस्टरात नाही. एकदम बंद केल्यावर त्रास होतो, म्हणून हळू बंद करायची. दादा गप्प झाला, आणि मग म्हणाला, "मलापण कधी कधी पहाटे जाग येते रे." त्यावर आम्ही तासभर बोललो. आयुष्यात पहिल्यांदा.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर वीस मोठ्या माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाल्याचं दिसलं होतं. माझ्या काउंटरला दिवसाला दीडशे माणसं येतात. म्हणजे सात-आठ जण, रोज. घड्या घातलेल्या चिठ्ठ्या त्याहून कितीतरी कमी येतात. बाकीचे कुठं आहेत, कुणाचा एक्स-रे चाललाय, कोण बोळात उभं आहे, हा विचार आता दुकानात बसलो की येतोच.

दुसऱ्या वेळी औषध पूर्ण घेतलं. २०२४ च्या दिवाळीनंतर तीन महिन्यांत उतरवत बंद केलं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख लिहायची हिची पद्धत. २०२३ च्या कालनिर्णयात जवळजवळ प्रत्येक पानावर तिच्या अक्षरात 'सांगली' आहे, कुठं कुठं दोनदा. पुढच्या वर्षी ते दोन पानांआड झालं. आता सहा महिन्यांतून एकदा जायचं, नुसतं दाखवायला. यंदाची तारीख तिनं जानेवारीतच लिहून ठेवलीय, आणि शेजारी, त्याच चौकोनात, 'येताना बेदाणे'.